विधेयकाला आणखी एक ज्ञापन जोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी महसूल खात्यात ३४ वर्षे नोकरी केली. १९८३ साली कारकून म्हणून लागलो आणि २०१७ साली अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. आता रविवारी सकाळी माझ्या घरी महसूल अर्हता परीक्षेला, म्हणजे खात्यातल्या बढतीच्या परीक्षेला, बसणारी सात-आठ मुले-मुली येतात, त्यांना शिकवतो. गेल्या महिन्यात जमीन महसूल संहितेचे कलम ४४ चालू होते. नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षे झालेल्या एका मुलीने विचारले, "सर, अर्ज नमुन्याप्रमाणे नसेल तर तो परत करता येतो, असं इथं आहे. पण किती वेळा परत करता येतो?"

कलम मला पाठ आहे. तरी मी पुस्तक हातात घेऊन पुन्हा वाचले. आकडा कुठेच नाही. तिला तसे सांगितले आणि तास पुढे नेला. पण तो प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र. कायद्यात पैसे खाण्याला कुठे वाव आहे, हे सांगणारे एक पान विधेयकालाच जोडले जावे, अशी माझी मागणी आहे.

कलम ४४ म्हणजे शेतजमीन बिनशेती करण्याची परवानगी. कायदा १९६६ चा. तो करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे मी मनापासून सांगतो. अर्ज आला की ७ दिवसांत पोच द्यायची, ९० दिवसांत निर्णय कळवायचा, आणि नाही कळवला तर परवानगी मिळाली असे धरायचे. आम्ही तिला मानीव परवानगी म्हणायचो. माणसाच्या बाजूने इतकी स्वच्छ लिहिलेली तरतूद फार थोड्या कायद्यांत सापडेल. पण त्याच कलमात अर्ज परत करण्याची मुभा आहे, आणि कचेरीत भिंतीवर लावलेल्या कागदपत्रांच्या यादीतली शेवटची ओळ ठरलेली असे : 'इतर आवश्यक ती कागदपत्रे'. आवश्यक कोणती, हे यादी सांगत नसे. ते टेबलामागचा माणूस सांगे.

१९९६ साल असावे. मी बिनशेती संकलनावर, म्हणजे त्या अर्जांच्या टेबलावर, होतो. एका तरुणाने पिठाच्या गिरणीसाठी ५ गुंठ्यांचा अर्ज केला होता. कागद चोख होते, मीच तपासले होते. अर्ज टेबलावर पडून राहिला. ८६ व्या दिवशी वरिष्ठांनी मला आत बोलावले आणि म्हणाले, "दिवस भरत आले. त्रुटी काढा." कोणती त्रुटी, हे मी विचारले नाही. जागेवर येऊन लिहिले, 'गट नकाशाची प्रत अस्पष्ट आहे, सबब स्पष्ट प्रत सादर करावी.' अर्ज परत गेला आणि ९० दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

चार दिवसांनी तो आला. माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "भाऊसाहेब, नकाशा मोजणी ऑफिसनंच शिक्का मारून दिलाय. अस्पष्ट असला तर तो त्यांचा. मी स्पष्ट कुठनं आणू?" त्याच्या सदऱ्याच्या खिशात एस.टी.च्या तिकिटांची रबर लावलेली छोटी गड्डी होती. आमच्या कचेरीत त्याने घातलेल्या खेपांची ती तिकिटे होती. त्याने ती माझ्यासमोर एकेक मोजली. बावीस निघाली, म्हणजे जाऊन-येऊन अकरा खेपा. प्रत्येक खेपेला एक दिवसाचा रोजगार बुडालेला.

पुढे त्याचे काम झाले. कसे झाले ते मला ठाऊक आहे आणि त्यालाही. मी पैसे घेतले नाहीत. पण ती ओळ माझ्या अक्षरात आहे आणि ती फाईल आजही अभिलेख कक्षात असेल.

कुणाला दोष लावण्यासाठी मी हे लिहीत नाही. माझ्या वरिष्ठांनी त्या दिवशी कायदा मोडला नव्हता. मीही मोडला नव्हता. मला नेमके हेच सांगायचे आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा लावतो तेव्हा नोटांना पावडर लावलेली असते, आणि हात द्रावणात बुडवले की पाणी गुलाबी होते. त्या गुलाबी पाण्याचा पंचनामा होतो, बातमी येते, माणूस निलंबित होतो. ज्या ओळीच्या बळावर ती नोट त्याच्या हातात आली, ती ओळ मात्र कायद्यात तशीच राहते आणि त्या खुर्चीवर येणाऱ्या पुढच्या माणसाच्या उपयोगी पडते.

ही ओळ विधेयकात असतानाच कुणी बोट ठेवून दाखवली तर? एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्या विधिमंडळात शासनाचे विधेयक मांडले जाते तेव्हा त्याच्या मागे काही पाने जोडलेली असतात. 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असते. खर्च होणार असेल तर 'वित्तीय ज्ञापन' असते. नियम करण्याचे अधिकार शासनाला दिले असतील तर 'वैधानिक अधिकार सोपविण्याबाबतचे ज्ञापन' असते. ही पाने मी आवडीने वाचतो. वित्तीय ज्ञापनात राज्याच्या तिजोरीवर किती बोजा पडेल ते सांगतात, पण त्या तरुणाच्या बावीस तिकिटांचा बोजा त्यात कुठे येत नाही. आणि अधिकार सोपवण्याच्या ज्ञापनात कोणत्या खंडान्वये (विधेयकातल्या कलमाला खंड म्हणतात) कोणता अधिकार शासनाला दिला, हे ओळीने लिहून शेवटी एक ठराविक वाक्य येते, की हे प्रस्ताव सामान्य स्वरूपाचे आहेत. कुणाला सूट द्यायची हे ठरवण्याचा अधिकार असला तरी ते सामान्य, अर्जाचा नमुना ठरवण्याचा असला तरीही सामान्य. कारण ज्या खात्याला अधिकार हवा आहे, तेच खाते ते वाक्य लिहिते.

या पानांना आणखी एक ज्ञापन जोडावे. या विधेयकातल्या कोणत्या खंडात पैसे खाण्याला वाव आहे, हे त्यात साध्या मराठीत लिहिलेले असावे. आणि ते लिहिणारे कार्यालय त्या खात्याच्या बाहेरचे असावे. ही दुसरी अट मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते, नाहीतर तेही पान 'सामान्य स्वरूपाचे' होऊन बसेल.

हे काही मी नवीन काढलेले नाही. लिथुआनिया या छोट्या देशात २००२ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यापासून विशेष तपास सेवा, म्हणजे त्यांचे लाचलुचपत खाते, कायद्यांचे मसुदे या नजरेने तपासते आणि आपला अभिप्राय जाहीर करते. दक्षिण कोरियात २००६ पासून हे चालू आहे. खात्याने मसुदा केला की तो भ्रष्टाचारविरोधी आयोगाकडे जातो. सामान्य माणसाला हा कायदा पाळणे किती अवघड जाईल, अधिकाऱ्याच्या मर्जीवर किती सोडले आहे आणि कामकाज उघडपणे चालेल का, हे तिथे पाहतात. त्यातला पहिला प्रश्न वाचून मी थांबलो होतो. कायदा पाळणे जितके अवघड तितका तो चुकवण्याचा भाव जास्त, हे आमच्या कचेरीबाहेरच्या टपरीवर बसणाऱ्या प्रत्येक एजंटाला माहीत होते.

मोल्दोवानेही २००६ पासून ही पद्धत स्वीकारली. तरीही २०१४ साली त्या देशातल्या तीन बँकांमधून सुमारे १ अब्ज डॉलर गायब झाले. तेव्हा अभिप्राय लिहिला की चोरी थांबते, असा माझा भाबडा समज नाही. मसुदा तपासणे हे विहिरीला कठडा बांधण्यासारखे आहे. ज्याला उडीच मारायची आहे त्याला कठडा अडवत नाही, पण अंधारात चालणारी शंभर माणसे वाचतात. माझ्या ३४ वर्षांत मी पाहिलेली बहुतेक माणसे अंधारात चालणारी होती, टेबलाच्या अलीकडची आणि पलीकडचीही.

आपल्याकडे तर हे निदान फार पूर्वी झालेले आहे. लालबहादूर शास्त्री गृहमंत्री असताना १९६२ मध्ये के. संथानम यांची समिती नेमली गेली आणि १९६४ मध्ये तिचा अहवाल आला. कामातला विलंब, सरकारला झेपणार नाही इतके नियमनाचे काम अंगावर घेणे, वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोडलेले निर्णय आणि किचकट कार्यपद्धती ही भ्रष्टाचाराची कारणे त्या समितीने तेव्हाच लिहून ठेवली. त्या अहवालातून केंद्रीय दक्षता आयोग उभा राहिला, म्हणजे चोर पकडण्याची सोय झाली. मर्जीचे अधिकार मात्र पुढच्या कायद्यांत पूर्वीसारखेच लिहिले गेले.

१९७६ चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा घ्या. शहरातली जादा जमीन सरकारने घ्यावी आणि ती गोरगरिबांच्या घरांना मिळावी, हा उद्देश. त्याच कायद्याच्या कलम २० मध्ये 'सार्वजनिक हित' किंवा 'अवाजवी अडचण' या कारणाने जमिनीला सूट देण्याचा अधिकार राज्य शासनाला दिला. हित कशाला म्हणायचे आणि अडचण किती झाली की ती अवाजवी, याचे माप कायद्यात नव्हते. मुंबई-पुण्यात त्या सुटीभोवती काय बाजार भरला, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको. केंद्राने १९९९ साली तो कायदा मागे घेतला, आपल्या राज्याने २००७ साली. १९७६ मध्ये कलम २० पुढे कुणी पेन्सिलने एक उभी रेघ ओढली असती, तरी निदान ३१ वर्षे आपण आंधळेपणाने चाललो असे झाले नसते.

भ्रष्टाचार रोखण्यासाठीच केलेल्या कायद्यातही हीच भोके राहतात. याचे मला सर्वांत वाईट वाटते, कारण तो कायदा आम्हा कर्मचाऱ्यांसाठी होता. २००५ चा बदल्यांचा आणि दफ्तर दिरंगाईचा कायदा. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा रेटा त्यामागे होता. तो आला तेव्हा आमच्या कचेरीत आम्ही पेढे वाटले होते. साधारण तीन वर्षे एका जागी, बदल्या एप्रिल-मे महिन्यांत. आता बदलीसाठी कुणाच्या दारात जायला नको, असे आम्हाला खरोखर वाटले. पण कलम ४ मध्येच पुढे तरतूद आहे, की विशेष प्रकरणी, लेखी कारणे नोंदवून आणि वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घेऊन मुदतीआधीही बदली करता येईल. कोणते प्रकरण विशेष, हे सांगितलेले नाही. कारणे लेखी हवीत असे आहे, तर आदेशात दोन शब्द लिहिलेले येऊ लागले, 'प्रशासकीय कारणास्तव'. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या एका सहकाऱ्याची बदली अशा दोन शब्दांवर अकराव्या महिन्यात झाली. त्याची मुलगी दहावीला होती. तो मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, गेला आणि जिंकलाही, पण तोवर तिची परीक्षा होऊन गेली होती. आणि असे आदेश मॅटने कितीतरी वेळा रद्द केले आहेत. त्याच कायद्याच्या कलम १० मध्ये फाईल एका टेबलावर ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असे आहे, आणि त्या वाक्यात 'सर्वसाधारणपणे' असा एक शब्द आहे. फाईल अडवणाऱ्याला तेवढा एक शब्द पुरतो.

अलीकडचे एक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. निवडणूक रोख्यांची, म्हणजे नाव गुप्त ठेवून राजकीय पक्षांना देणगी देण्याची, तरतूद २०१७ च्या वित्त विधेयकातून आली. ते मांडण्याच्या दोनच दिवस आधी, ३० जानेवारीला, रिझर्व्ह बँकेने पत्र लिहून त्यातला धोका केंद्र सरकारला कळवला होता. ते पत्र विधेयकासोबत लोकांपुढे ठेवले गेले नाही. पुढे माहिती अधिकारातून ते बाहेर आले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. मधे सात वर्षे गेली. धोका ओळखणारी माणसे आपल्याकडे आहेत, त्यांनी तो वेळेवर लिहूनही कळवला होता. ते पान विधेयकाला जोडणे बंधनकारक असते, तर खासदारांना मतदानाआधी ते वाचावे लागले असते.

आता विरुद्ध बाजू. मर्जीचा अधिकार मुळातच वाईट, असे मी म्हणत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मला तिकडे कामाला पाठवले होते. लोकांची घरे गेली होती, घरांबरोबर रेशनकार्डे आणि सातबारेही ढिगाऱ्यात गेले होते. तेव्हा एका अधिकाऱ्याने आम्हाला सांगितले, की गावातली चार माणसे ज्याला ओळखतात त्याचे नाव लिहून घ्या आणि धान्य द्या, कागद नंतर. ती मर्जी होती आणि तिच्यामुळे माणसे जेवली. म्हणून तपासणाऱ्याने प्रत्येक 'करू शकेल'वर काट मारावी, असे माझे म्हणणे नाही. त्याने विचारावे, की हा अधिकार कोणत्या मापाने वापरायचा, कारण लिहायचे तर ते कोण वाचणार, किती दिवसांत द्यायचे, अर्ज किती वेळा परत करता येईल, आणि नकार मिळाला तर माणसाने कुठे जायचे. उत्तर विधेयकात नसेल तर तसे ज्ञापनात लिहावे. अधिकार ठेवायचा की नाही ते सभागृहाने ठरवावे, पण वाचून ठरवावे.

हे काम मी लोकायुक्तांच्या कार्यालयाकडे द्यावे म्हणतो. लोकायुक्त नेमणारे देशातले पहिले राज्य आपले, कायदा १९७१ चा. लोकांच्या तक्रारी त्यांच्याकडे वर्षानुवर्षे येत आहेत, तेव्हा कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमातून तक्रारी उगवतात हे त्यांच्या दप्तरात असणारच. सोबत गेल्या पाच वर्षांत निवृत्त झालेले दोन कारकून घ्या. हे मी गंभीरपणे लिहितो आहे. कायद्याचे पदवीधर मसुदा चांगला लिहितात, पण 'इतर आवश्यक ती कागदपत्रे' या ओळीचे काय होते, ते टेबलावर बसलेल्या माणसालाच कळते.

त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. बाकीची ज्ञापने विधानसभेच्या नियमांमुळे जोडली जातात, हेही त्याच नियमांत एक नियम घालून जोडता येईल. भारताने २०११ साली संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार मान्य केला, त्याच्या अनुच्छेद ५ मध्ये कायद्यांचे असे मूल्यमापन वेळोवेळी करण्याचा प्रयत्न करावा असे आहेच. केंद्राने २०१४ साली ठरवले, की कायद्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा. ते धोरण केंद्राच्या खात्यांसाठी आहे आणि न पाळल्यास कुणाला काही होत नाही. आपल्या राज्यात तेवढेही सक्तीने नाही. आणि लोकांना वाचायला वेळ कुठे आहे, असे कुणी म्हणेल तर जनसुरक्षा विधेयक आठवावे. ते संयुक्त समितीकडे गेले तेव्हा १२ हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या होत्या. लोक वाचतात. त्यांच्या हातात वेळेवर द्यायला हवे.

कलम ४४ चे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. संहितेत ४२-अ, ४२-ब अशी कलमे घालून विकास आराखड्यात बसणाऱ्या जमिनींसाठी ती वेगळी परवानगी शासनाने काढून टाकली. चांगले केले. पण याचा अर्थ असा, की आराखड्यातल्या जमिनींना ज्या परवानगीसाठी लोकांनी जवळजवळ पन्नास वर्षे खेपा घातल्या, तिच्यावाचून अडत नव्हते.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. अधिवेशन सुरू झाले की कुणी कुणाला काय म्हटले, सभात्याग कुणी केला, याची पाने भरून बातमी येते. विधेयके मात्र गदारोळात काही मिनिटांत मंजूर होतात आणि त्यांची नावे एका चौकटीत येतात. येत्या अधिवेशनात मांडल्या जाणाऱ्या विधेयकांतले सूट देण्याचे, परवानगीचे आणि 'विहित करण्यात येईल अशा रीतीने'चे, म्हणजे तपशील पुढे नियमांत ठरवू असे म्हणणारे, खंड आपण आठवड्यातून एकदा छापाल का? शोधून काढायचे काम आमच्याकडे द्या. रविवारच्या वर्गातली मुले तयार आहेत, मागच्या अधिवेशनातल्या एका विधेयकाची प्रत त्यांनी पेन्सिलने खुणा करून माझ्याकडे दिली आहे. त्या मुलीने बाराव्या खंडापुढे 'किती वेळा?' असे लिहिले आहे. ती प्रत या पत्रासोबत पाठवत आहे. पाहून झाल्यावर परत केल्यास बरे होईल, वर्गाकडे ती एकच आहे.

आपला,
एक सेवानिवृत्त अव्वल कारकून
जि. सातारा